वय झालं, म्हणून सोडून देऊ नका
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बावड्यात दवाखाना चालवताना एक वाक्य मी नेहमी ऐकतो : 'आता वय झालं, चालायचंच.' गुडघे दुखले, कमी ऐकू येऊ लागलं, तर हे वाक्य खपून जातं. पण तोंडातली जखम महिनाभर भरत नाही, पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या आजींना पुन्हा रक्त जातं, तेव्हाही घरात हेच म्हटलं जातं. कॅन्सरचा आणि वयाचा संबंध खरा आहे. आणि म्हणूनच वय झाल्यावर दुर्लक्ष करणं जास्त महागात पडतं.

हा संबंध येतो कुठून? आपल्या शरीरातल्या जुन्या पेशी झिजतात, त्यांच्या जागी नव्या येतात. नवी पेशी तयार होताना जुनीतल्या कोट्यवधी अक्षरांच्या पोथीची नक्कल करावी लागते. नक्कल म्हटली की चुका आल्याच. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतं. काही राहतात आणि पुढच्या पेशीत उतरतात. आपल्या भागातल्या ऊसवाल्यांना हे चटकन कळेल. लागणीत रोग थोडा असला, तरी खोडव्यात तो वाढतो, निडव्यात आणखी. कारण बुडख्यातला रोग फुटव्यात येतो. पेशींचंही तसंच. एका चुकीने सहसा कॅन्सर होत नाही. एकाच पेशीच्या वंशात अनेक चुका साठाव्या लागतात आणि त्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. १९५४ मध्ये आर्मिटेज आणि डॉल या ब्रिटिश संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी तपासून हेच मांडलं. शिवाय उतारवयात प्रतिकारशक्तीचा पहाराही ढिला पडतो.

'पूर्वी कुठं होता एवढा कॅन्सर?' असं लोक विचारतात. त्याचं एक मोठं उत्तर आपल्या वाढलेल्या आयुष्यात आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. तेव्हा लहानपणीच दगावणारी मुलं फार होती, हे खरं. पण सत्तरी पाहणारेही थोडेच होते.

वय थांबवता येत नाही. चुका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र थांबवता येतात. मिसरी, तंबाखू, गुटखा, विडी यांत पहिल्या. चाळीस वर्षं मिसरी लावली, तर चाळीस वर्षांचा हिशेब तोंडात साठतो. 'आता सोडून काय उपयोग?' असं आजी विचारतात. आजी, उपयोग आहे. साठीनंतर सोडली, तरी धोका हळूहळू उतरतो.

दुसरी गोष्ट वेळेवर दाखवण्याची. यासाठी लांबचा दाखला नको. भीमेपलीकडे बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरले. नोंदी घेता घेता लोकांना लक्षणंही सांगितली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. तिथे कुठलं महागडं यंत्र लागलं नव्हतं, नुसतं सांगणं आणि ऐकणं. पुढे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं.

वयाचा मुद्दा मुंबईतल्या अभ्यासाने आणखी स्पष्ट केला. टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर तो केला. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ज्या वयात आपण 'आता कशाला?' म्हणतो, त्याच वयात तपासणी कामाला आली.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पासष्टीनंतर धोका संपत नाही, म्हणून लक्षणांवर नजर ठेवा : पंधरा-वीस दिवसांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावरचं रक्त, शौचातून रक्त, न थांबणारा खोकला, उगाच घटणारं वजन. यातलं पुष्कळसं कॅन्सर नसतंच. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि घरातल्या कर्त्या मुलांनो, सुनांनो, आई-वडिलांना रोग सापडलाच तर 'या वयात कशाला उपचार?' असं परस्पर ठरवू नका. डॉक्टर नुसतं वय पाहत नाहीत, अंगातली ताकद पाहतात. आणि निर्णय घेताना ज्यांचं शरीर आहे, त्यांनाही विचारा.

'वय झालं' हे म्हणायला हरकत नाही. फक्त त्याच दमात 'म्हणून दाखवून येऊ' एवढं जोडा.