कोरियन भाषेची परीक्षा आणि आमचा बचत गट

मागच्या वेळी आम्ही शेळ्यांच्या विम्यावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आमच्या गटाच्या बैठकीतसुद्धा आधी हसूच आलं होतं. विषय आहे कोरियन भाषेची परीक्षा.

आमचा गट पारनेर तालुक्यातला. बारा जणी, महिना दोनशे रुपये बचत. अंतर्गत कर्ज आजवर शेळीला दिलं, पाइपलाइनला दिलं, बाळंतपणाला, शिलाई मशीनला दिलं. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत आमच्यातल्या एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "मला आठ हजार पाहिजेत. पोरीला दिल्लीला परीक्षेला न्यायचंय, कोरियन भाषेच्या." आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आजींनी विचारलं, "कोरिया म्हंजी कुठं आलं? आन् तिथल्या बोलीचा हितं काय उपेग?"

प्रश्न बरोबर होता. आम्हालाही नीट उत्तर येत नव्हतं. एवढंच माहीत होतं की नगर-पुणे रस्त्यावर, आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तळेगावला ह्युंदाईनं जुना मोटारींचा कारखाना विकत घेतलाय. आपल्याकडची पोरं तिकडच्या लाइनवर कामाला जातात. पण भाषा शिकून काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ही मुलगी मात्र लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर कोरियन मालिका बघता बघता शिकली होती. घरी शिव्या खाल्ल्या, अभ्यासाच्या नावाखाली टाइमपास चालतो म्हणून. तिच्या नादानं वाडीतली अजून एक मुलगी शिकू लागली, आणि एक सूनबाई. तीन वर्षांचं पोर कडेवर असलेली सूनबाई. आम्ही तिघींना बैठकीत बोलावलं आणि म्हटलं, काय शिकलात ते आम्हाला समजेल असं सांगा.

मैत्रिणींनो, तो तास आम्ही विसरणार नाही. ती मुलगी म्हणाली, कोरियन लिपीत मूळ अक्षरं फक्त चोवीस. चौदा व्यंजनं, दहा स्वर. आपल्या बाराखडीसारखंच, क ला काना दिला की का. फरक इतकाच की अक्षरं ओळीनं न मांडता एका चौकोनात बसवायची, आणि शेवटचं व्यंजन असेल तर ते खालच्या मजल्यावर. वाक्याची मांडणी तर अगदी आपली. आपण "मी भात खाते" म्हणतो, ते म्हणतात "चोनुन पाबुल मोगोयो". आधी मी, मग भात, शेवटी खाते. इंग्रजीसारखं क्रियापद मधे घुसत नाही. आपण "घरी" म्हणताना शब्दाला "ई" जोडतो, तसे तेही शब्दाच्या मागे प्रत्यय जोडतात. आईला "ओम्मा" आणि बापाला चक्क "आप्पा"! तेव्हा आजी पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या सासऱ्यांना घरात आप्पाच म्हणत.

आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे ना, तसं तिकडे क्रियापदातच मान ठेवावा लागतो. आजीशी एक रूप, बरोबरीच्या मैत्रिणीशी दुसरं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला हे चमत्कारिक वाटत असेल, आमच्या पोरींना नाही वाटलं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती आम्हा बायकांना लागली. ही लिपी राजा सेजोंग यानं १४४६ साली जाहीर केली. त्याआधी तिथं चिनी अक्षरांत लिहीत, आणि ती शिकायला वर्षानुवर्षं घालवावी लागत. म्हणजे शिकणार कोण, तर मोठ्या घरचे पुरुष. साध्या माणसाला लिहिता यावं म्हणून राजानं सोपी लिपी आणली, तर विद्वान मंडळींनीच विरोध केला. पुढं बायका त्या लिपीत लिहू लागल्या, तेव्हा "बायकांची अक्षरं" म्हणून तिला हिणवलं. आज सगळा देश त्याच अक्षरांत लिहितो. ज्या नगरला फरारबाईंकडे सावित्रीबाईंनी शिक्षिका व्हायचं शिक्षण घेतलं, त्याच जिल्ह्यात बसून आम्ही हे ऐकत होतो.

आता परीक्षेचं. तिचं नाव टोपिक. कोरियाच्या शिक्षण खात्याखालची संस्था ती घेते, १९९७ पासून. परदेशी माणसाला कोरियन किती येतं ते मोजण्यासाठी. तिचे दोन भाग आहेत. पहिला सोपा, त्यात पातळी एक आणि दोन. दुसरा अवघड, त्यात तीन ते सहा. पहिल्या भागाला दोनशे गुण. ऐकण्याचे तीस प्रश्न चाळीस मिनिटांत, वाचण्याचे चाळीस प्रश्न साठ मिनिटांत. ऐंशी गुण मिळाले की पहिली पातळी, एकशे चाळीस मिळाले की दुसरी. पहिल्या पातळीला साधारण आठशे शब्द लागतात, दुसरीला दीड ते दोन हजार. सगळे प्रश्न पर्यायांचे, चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही. दुसऱ्या भागात मात्र निबंधही लिहावा लागतो. निकाल दोन वर्षंच चालतो, हे लक्षात ठेवा. लग्नात पत्रिका दाखवावी तसं दहा वर्षांनी काढून दाखवता येत नाही.

कर्जाचा निर्णय होईना, कारण मधेच दुसरं प्रकरण निघालं. त्या ताईंच्या मालकांना तालुक्याच्या गावी एक माणूस भेटला होता. म्हणाला, पोरीनं परीक्षा दिली की थेट कोरियात कारखान्यात नोकरी, महिना दीड लाख. फक्त तीन लाख रुपये आधी भरा. ताईंच्या घरी दोन म्हशी विकायचं चाललं होतं. ताईंनी हे बैठकीत सांगितलं नव्हतं, लाजेपोटी. त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं.

मग आम्ही चौकशीला बसलो. कळलं ते असं. परीक्षा दोन आहेत आणि नावं सारखी आहेत. एक टोपिक, जी कुणीही द्यावी. दुसरी ईपीएस-टोपिक, ती कोरियात कामगार म्हणून जाणाऱ्यांसाठी. पण ती योजना कोरियाचं सरकार ठरावीक देशांच्या सरकारांशी करार करून चालवतं. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांच्याशी असा करार आहे, आपल्या देशाशी नाही. म्हणजे साधी टोपिक पास झालं म्हणून कारखान्याचा व्हिसा मिळत नाही, आणि दुसरी आपल्याला देताच येत नाही. शिवाय परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट आपल्या सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ती यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. नोंदणी असलेल्या एजंटलाही सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. तीन लाखांचा प्रश्नच नाही.

हे आम्ही त्या भाऊंना घरी जाऊन सांगितलं. ते चिडले. "बायकांचा गट आता आमचे व्यवहार बघणार का?" असं म्हणाले. आम्ही कागद दाखवला, त्या माणसाचा नोंदणी क्रमांक मागा म्हटलं. भाऊंनी मागितला. तो माणूस आज देतो, उद्या देतो करत राहिला आणि नंतर फोन उचलेना. म्हशी दावणीलाच राहिल्या.

त्यानंतरच्या बैठकीत तिघींना मिळून चोवीस हजारांचं कर्ज मंजूर झालं. प्रत्येकी आठ हजार, शेकडा एक टक्का व्याज, दहा हप्ते. आजींनी अंगठा न देता सही केली. इतिवृत्तात कारण काय लिहायचं यावर सचिवताई अडल्या. "शिक्षण" लिहिलं.

यापुढं सगळं छान झालं असं सांगायला आम्हाला आवडलं असतं. सूनबाईंचा फॉर्म सायबरवर भरला. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माहेरचं नाव. आधार लग्नानंतरचं, त्यावर सासरचं. फॉर्ममध्ये आधारवरचं नाव गेलं आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट दाखवायचा ठरला होता. लक्षात आलं तोवर दुरुस्तीची तारीख गेलेली. फी गेली ती गेली. मैत्रिणींनो, हे कुठल्याही परीक्षेला लागू आहे. लग्न झालं की आपलं नाव, मधलं नाव, आडनाव सगळं बदलतं, पण कागद एकाच वेळी बदलत नाहीत. जे ओळखपत्र परीक्षेला नेणार, त्यावरचंच नाव, इंग्रजी स्पेलिंगच्या एकेका अक्षरासह, फॉर्ममध्ये घाला. आणि फॉर्म भरताना स्वतः शेजारी बसा. ही चूक आम्हा सगळ्यांची होती. आम्हीही तिला एकटीला पाठवलं.

दोघी मुली आणि एक आई नगर स्टेशनवरून गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला गेल्या. परीक्षा आपल्या देशात वर्षातून मोजक्याच वेळा होते, आणि केंद्रं मोजक्याच शहरांत असतात, म्हणून फॉर्म सुटतो तेव्हाच केंद्राचं शहर बघून तिकिटाचं ठरवावं लागतं. दीड दिवसाचा प्रवास, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्या ताई पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर गेल्या.

निकाल लागला. पहिलीला एकशे बावन्न, म्हणजे दुसरी पातळी. दुसरीला शहात्तर. चार गुण कमी पडले. वाचनात अठ्ठेचाळीस, ऐकण्यात अठ्ठावीस.

ती आठ दिवस घराबाहेर आली नाही. आई बैठकीला यायची, हप्ता ठेवायची आणि खाली मान घालून जायची. गटात कुजबुज झाली, खोटं कशाला बोलू. नापास पोरीचं कर्ज म्हणून. शेवटी आम्हीच तिच्या घरी गेलो आणि नेमकं काय चुकलं ते विचारलं. तेव्हा कळलं, ही घरी कायम कानात इअरफोन घालून ऐकायची. रात्री सगळे झोपल्यावर, घरच्यांना त्रास नको म्हणून. परीक्षेत मात्र मोठ्या खोलीत स्पीकर लावला होता, आवाज घुमत होता, कुणी खोकत होतं. शिवाय आकडे. कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत. तास सांगताना हाना, तुल, सेत हा त्यांचा देशी संच, आणि मिनिटं व पैसे सांगताना इल, ई, साम हा चिनीवरून आलेला. "तीन वाजून तीस मिनिटं" यात तीन एका संचातला आणि तीस दुसऱ्यातला! ऐकताना मन तिथं अडकलं की पुढचे दोन प्रश्न गेले. आपले एकोणऐंशी आणि एकोणनव्वद ऐकून बाहेरच्या माणसाचं जे होतं, तेच.

उपाय साधा निघाला. आता रविवारी गटाच्या खोलीत स्पीकरवर सराव चालतो. शेजारी पिठाची गिरणी आहे, ती चालू असतानाच. जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांचे आवाज टोपिकच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शिकवते ती पास झालेली मुलगी. तिला नोकरी लागली का, असं सगळे विचारतात. नाही लागली. एका ठिकाणी विचारायला गेली, तर त्यांनी कागद बाजूला ठेवून बोलून दाखव म्हटलं, आणि तिला चार वाक्यांपुढं जमेना. टोपिकच्या या दोन भागांत बोलणं तपासत नाहीत, त्याची वेगळी परीक्षा २०२२ पासून सुरू झाली आहे. दुसऱ्या पातळीवर दुभाषीचं काम मिळत नाही, हे आम्ही सगळ्यांना आधीच सांगतो. ती आता तिसरीच्या तयारीला लागलीय. कोरिया सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तर आधी एक वर्ष भाषा शिकवतात आणि त्या वर्षात तिसरी पातळी गाठावी लागते, तेव्हा आधीच गाठलेली बरी, असं तिचं म्हणणं.

शहात्तरवालीला पुन्हा कर्ज द्यायचं का, यावर गेल्या महिन्यात मतदान घेतलं. दहा जणी हो म्हणाल्या, दोघी नाही. नाही म्हणणाऱ्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पहिल्या कर्जाचे दोन हप्ते बाकी असताना दुसरं देऊ नये, हा आमचाच नियम. तो मोडला नाही. आईनं दोन कोंबड्या आणि अंडी विकून बाकी फेडली, मग ठराव झाला.

सूनबाईंनी या वेळी पासपोर्ट बघून स्वतः फॉर्म भरला आणि आम्ही तिघींनी तो मोठ्यानं वाचून तपासला. पोराला त्या चार दिवसांत सासूबाई सांभाळणार आहेत. सासूबाई म्हणजे त्याच आमच्या आजी. परवा त्या पोराला विचारत होत्या, "आई कुठं चाललीय सांग?" आणि तो म्हणाला, "ओम्मा डिल्ली."

फॉर्मबद्दल किंवा एजंटच्या नोंदणीबद्दल काही विचारायचं असेल, तर आपल्या गावातल्या गटाच्या सचिवताईंकडे चिठ्ठी द्या, ती आमच्यापर्यंत येते. पुढच्या भागात पुन्हा शेळ्यांच्या विम्याचं राहिलेलं बोलू. दाव्याची मुदत सांगायची राहिली होती.