मताधिकार गेलेले मळेकामगार
(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कॉम्रेड्स,

सत्तांतर झाले म्हणजे सर्वच जनतेच्या बेड्या एकाच वेळी तुटतात असे नाही. परप्रांतातून आलेल्या श्रमिकाला नवी राजवट प्रथम विचारते ती एकच गोष्ट : तू कोणाचा? श्रीलंकेतील तमिळ मळेकामगारांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मळेवाल्यांनी तमिळ प्रदेशातील दरिद्री शेतमजुरांना प्रथम कॉफीच्या व पुढे चहाच्या मळ्यांवर नेले. त्यांच्या श्रमांवर त्या बेटाची निर्यात उभी राहिली. १९४७ च्या निवडणुकीत या कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडून दिले आणि अन्य अनेक मतदारसंघांत डाव्यांना बळ दिले. सत्ताधारी वर्गाने त्यातून घ्यावयाचा तो बोध घेतला. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वातंत्र्य आले. त्याच वर्षी सेनानायके सरकारने कायदा करून पित्याचा, किंवा आजोबा व पणजोबा या दोघांचा, जन्म बेटावर झाल्याचा पुरावा मागितला. मळ्यांवरील बराकींत जन्मलेल्यांकडे असले दाखले कोठून असणार? १९४९ मध्ये मताधिकारही गेला. मतदारसंघ मात्र लोकसंख्येवर आखले जात. म्हणजे जागा ठरविताना या कामगारांची डोकी मोजली जात, मते नव्हेत! त्याचा लाभ डोंगरी भागातील सिंहली मतदारांना व त्यांच्या पुढाऱ्यांना झाला.

१९६४ मध्ये शास्त्री-सिरिमाओ करार झाला. ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताच्या व ३,००,००० लंकेच्या वाट्यास आली. उरलेल्या १,५०,००० ची १९७४ मध्ये निम्मी-निम्मी वाटणी झाली. ज्यांची वाटणी होत होती, त्यांना कोणी विचारले नाही. यास 'मायदेशी परत पाठवणे' म्हटले गेले. हा शब्द मराठीत आणताना लेखणी अडते, कारण ज्या भूमीत जन्म झाला तेथून माणूस 'परत' कोठे जाणार? याहून कटू गोष्ट ही, की १९४८ च्या कायद्यास विरोध करणारा लंका सम समाज पक्ष हा करार होताना स्वतः मंत्रिमंडळात होता.

अखेर २००३ मध्ये लंकेच्या संसदेने उरलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा केला. तोवर ५५ वर्षे लोटली होती.

कॉम्रेड्स, श्रमिकांतील एका विभागाचे मत हिरावले जाते तेव्हा संपूर्ण श्रमिक वर्गाचेच बळ कापले जाते. म्हणून जेथे जेथे कामगाराकडे त्याच्या आजोबांच्या जन्माचा दाखला मागितला जाईल, तेथे त्याच्या बाजूने उभे राहणे हे आपले पहिले कर्तव्य होय.