मातीतली रेघ

संध्याकाळी सराव संपतो, मुली पाण्याच्या बाटल्यांकडे धावतात आणि मी पिचिंग प्लेटपाशी जाऊन उभी राहते. प्लेटपासून होम प्लेटच्या दिशेनं मातीत एक रेघ उमटलेली असते. पिचरच्या मागच्या पायाच्या अंगठ्यानं ओढलेली. चेंडू किती जोरात आला ते कॅचरच्या ग्लोव्हजचा आवाज सांगतो. तो जोर कुठून आला ते ही रेघ सांगते. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते सॉफ्टबॉलच्या पिचरच्या पायांविषयी, त्या पायांच्या रेट्याविषयी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं चित्र उभं करते. सॉफ्टबॉलचा चेंडू चांगल्या टपोऱ्या डाळिंबाएवढा, परीघ १२ इंच, वजन दोनशे ग्रॅमच्या आत. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, तो खांद्यावरून फेकत नाही. हात खाली, पुढे, वर, मागे असा पूर्ण गोल फिरवून कमरेपाशी चेंडू सोडते. शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. या पद्धतीला विंडमिल म्हणतात. महिलांच्या सामन्यात पिचिंग प्लेट ते बॅटरसमोरची होम प्लेट हे अंतर ४३ फूट, म्हणजे साधारण १३ मीटर. पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, त्यामुळे खरं अंतर आणखी कमी होतं. ताशी ११० किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही.

पाहणाऱ्याची नजर त्या गरगर फिरणाऱ्या हातावर खिळते. माझीही खिळायची. सुरुवातीची काही वर्षं मी मुलींना ‘हात जोरात फिरव’ एवढंच सांगत असे. मुली जीव तोडून हात फिरवायच्या, खांदे धरून घरी जायच्या, आणि वेग मात्र जिथल्या तिथे राहायचा. माझं चुकत होतं. सुधारणा करायची होती ती जमिनीजवळ.

बेसबॉलचा पिचर दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावरून उताराकडे पाऊल टाकतो. त्याला उताराची मदत असते. सॉफ्टबॉलमध्ये जमीन सपाट. पुढे जाण्याची सगळी गती पिचरला स्वतःच्या पायांनी निर्माण करावी लागते. शाळेत आपण न्यूटनचा तिसरा नियम शिकलो. पाय जमिनीला मागे रेटतो, जमीन तेवढ्याच बळानं शरीराला पुढे रेटते. पिचिंग प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद रबरी पट्टी. उजव्या हाताच्या पिचरचा उजवा पाय या पट्टीवर असतो, आणि सगळा रेटा तिथून निघतो.

घरात थोडी जागा असेल तर उभं राहून बघा. उजवा पाय पुढे, डावा थोडा मागे. भार आधी मागच्या पायावर घ्या, मग हळूहळू पुढच्या पायाच्या चवड्यावर आणा. गुडघा वाकू द्या, इतका की तो बोटांच्या पुढे जाईल आणि नडगी पुढे झुकेल. इथे बहुतेक मुली एक चूक करतात. त्या उजव्या पायावर सरळ उभ्या राहतात आणि डावा पाय नुसता लांब टाकतात. ते पाऊल झालं, रेटा नव्हे. काही मुली जोर लावतात, पण नडगी उभीच असल्यामुळे शरीर वर उसळतं आणि ताकद आकाशाकडे जाते. बंद पडलेली रिक्षा आपण कशी ढकलतो ते आठवा. ताठ उभं राहून रिक्षा हलत नाही. अंग झुकवावं लागतं, पाय मागे रोवावा लागतो. पिचरचंही तसंच. आधी झुकायचं, मग रेटायचं. गुडघा सरळ व्हायचा तो अगदी शेवटी.

ही गोष्ट मला नीट उमगली ती खो-खोमधून आमच्याकडे आलेल्या एका मुलीमुळे. तिनं सॉफ्टबॉल हातात धरला नव्हता. पण चौकोनात बसून, खो मिळताच चवड्यावरून सुटण्याची सवय तिच्या अंगात मुरलेली होती. तिला मी प्लेटवर उभं केलं आणि म्हटलं, ‘समज, आत्ता खो मिळाला.’ ती अशी सुटली की हात कसा फिरवायचा हे सांगायचं मी क्षणभर विसरले. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत अशा मुली आहेत. त्यांच्या पायांत पिचर दडलेली आहे.

रेटा दिला, शरीर पुढे झेपावलं आणि उजव्या पायाचा अंगठा मातीत रेघ ओढत मागून आला. चांगल्या पिचरची ही झेप जवळजवळ तिच्या स्वतःच्या उंचीएवढी असते. पण नुसती लांब झेप पुरत नाही. पुढचा भाग समजायला एसटीत चला. गाडी वेगात असताना चालक ब्रेक दाबतो. आपले पाय गाडीबरोबर थांबतात आणि कमरेवरचं शरीर पुढे फेकलं जातं. पिचरचा डावा पाय हा तो ब्रेक. तो किंचित तिरका, घट्ट टेकतो. गुडघा थोडा वाकलेला, पण ढासळणारा नाही. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाहून जास्त भार येतो. कमरेखालचं शरीर थबकतं आणि त्याचा संवेग वर चढत जातो. कमरेतून धडात, धडातून खांद्यात, दंडात, मनगटात आणि शेवटी बोटांत. पाय टेकतो तेव्हा हात डोक्याच्या आसपास असतो. पुढचा अर्धा फेरा तो या मिळालेल्या जोरावर मारतो. पुढचा गुडघा मोडला तर ब्रेक लागत नाही, आणि मागून आलेला सगळा रेटा मातीत जिरतो.

मग ती तूट खांद्याला भरून काढावी लागते, म्हणून मी याबद्दल इतकी कळकळीनं बोलते आहे. खालून चेंडू टाकणं खांद्याला सोपं, असा समज फार वर्षं होता. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा खेळला गेला. त्या स्पर्धेतल्या पिचरांच्या चित्रीकरणाचा पुढे अभ्यास झाला, आणि चेंडू टाकताना खांद्याचा सांधा ओढणारं बळ बेसबॉलच्या पिचरशी तुलना करण्याइतकं मोठं असल्याचं दिसलं. वाढत्या वयाच्या मुलीचा खांदा हे ओझं एकट्यानं वाहू शकत नाही. तो भार मांड्यांनी आणि नितंबाच्या स्नायूंनी उचलायला हवा.

नियमही पायांवर बारीक नजर ठेवतात. रेटा प्लेटवरूनच द्यायचा. प्लेट सोडून पुढे पाय रोवला आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा दिला, तर अंपायर ती पिच बेकायदा ठरवतो. या दोषाला क्रो हॉप म्हणतात. रेट्याची संधी एकदाच.

पायांवर उभी राहिलेली पिचर काय करू शकते ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये जगानं पाहिलं. २० ऑगस्ट २००८ रोजी जपानच्या युकिको उएनोनं एकाच दिवसात दोन सामन्यांत चेंडू टाकले. एक अमेरिकेविरुद्ध नऊ डावांचा, दुसरा ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा डावांचा. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तीच पुन्हा प्लेटवर आली आणि जपाननं अमेरिकेला ३-१ असं हरवलं. दोन दिवसांत ४१३ चेंडू. कोणत्याही मुलीनं एवढे चेंडू टाकावेत असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर तेरा वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, टोकियो ऑलिंपिकमधल्या योकोहामाच्या सामन्यात तिनं जपानला पुन्हा सुवर्णपदक जिंकून दिलं. ते केवळ हाताच्या बळावर होणं शक्य नव्हतं.

शिक्षकांना आणि पालकांना माझं एक सांगणं आहे. यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. आपल्या आजोबांच्या तालमीतल्या बैठका, एका पायावरची उठबस, जागच्या जागेवरून लांब उडी, दोरीवरच्या उड्या, एवढं पुरे. प्लेटच्या मध्यापासून होम प्लेटपर्यंत फक्कीची सरळ रेघ मारा. चेंडू न देता मुलीला फक्त रेटून त्या रेघेवर झेप घ्यायला सांगा. शरीराला दिशा कळली की मग चेंडू द्या.

आणि सराव संपला की तिला हाताला धरून मातीतली रेघ दाखवा. खोल चर पडला असेल तर भार मागे राहिला, शरीर पायाला ओढत नेत होतं. रेघ एकाएकी भलतीकडे वळली असेल तर कंबर वेळेआधी फिरली. रेघ हलकी, लांब आणि होम प्लेटकडे तोंड करून गेलेली असेल, तर तिला सांगा की आज खांदा दुखणार नाही. काल माझ्या मैदानावर सातवीतल्या एका मुलीची रेघ पहिल्यांदा तशी उमटली. मी मैदानावर पाणी मारायला आलेल्या मामांना थांबवलं आणि म्हटलं, ‘मामा, एवढी जागा आज कोरडी राहू द्या. उद्या सगळ्या मुलींना दाखवायची आहे.’