बोटीचा स्टार्टर कां तापतो?

मुचकुंदी नदी समुद्रास मिळते त्या मुखाशीं, टेकडीवर पूर्णगडचा छोटेखानी किल्ला उभा आहे. शिडांच्या काळांत या खाडींत शिरणारें गलबत वारा आणि भरती पाहून शिरे. आतां बोटींवर डिझेल यंत्रें आलीं आणि वाऱ्याची मनधरणी संपली. परंतु ऐन मुखाशीं यंत्र बंद पडलें व स्टार्टर रुसला, तर ओढींत सांपडलेल्या बोटीला खडक दूर नसतो. म्हणून स्टार्टर कां तापतो, हा प्रश्न एकट्या मिस्त्रीचा नव्हे. तांडेलापासून पोरसवदा खलाशापर्यंत सर्वांचा आहे.

अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसला. त्यामागील विचार असा होता कीं, लहान मोटर कांहीं क्षणच राबवावयाची असेल, तर तिच्याकडून आकाराच्या मानानें पुष्कळ अधिक काम घेतां येतें. आजचा स्टार्टरहि याच तत्त्वावर बनतो. डिझेल यंत्र फिरवितांना तो शेंकडों अँपिअर प्रवाह ओढतो. यास्तव मनांत दहा अंक मोजावे. तेवढ्यांत यंत्र लागलें नाहीं, तर हात काढून निदान दोन मिनिटें थांबावें.

हा नियम पाळूनहि स्टार्टर तापत असेल, तर दोष शोधावा. दोष बहुधा स्टार्टरांत नसतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मच्छीमारी बंद असते. या काळांत बॅटरी उतरते आणि खाऱ्या हवेनें तारांच्या टोकांवर थर बसतो. मग स्टार्टरला पुरता दाब मिळत नाहीं. तो मंद फिरतो. मंद फिरण्यानें डिझेल पेटत नाहीं, म्हणून आपण तो अधिक वेळ राबवितों, आणि विजेचा मोठा वांटा कामाऐवजीं उष्णतेंत जातो.

परीक्षा सोपी आहे. कांहीं क्षण स्टार्टर फिरवावा, मग बंद करून तारांवरून जपून हात फिरवावा. एकच सांधा कढत लागला, तर तो सैल किंवा मळका आहे. सबंध तार तापली, तर ती बारीक आहे. व्होल्टमीटर असेल तर अधिक बरें. फिरवितांना १२ व्होल्टांच्या बॅटरीवर ११ आणि स्टार्टरवर ८ दिसले, तर तीन व्होल्ट वाटेंतच गेले. परतीची, म्हणजे अर्थिंगची तार तपासण्यास पुष्कळजण विसरतात. सांधे साफ करण्यापूर्वीं अर्थिंगचें टोक प्रथम सोडावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो.

तारा ठीक असतील, तर यंत्राकडे वळावें. फिरवूनहि धूर मुळींच येत नसेल, तर डिझेल पोंचत नाहीं. नळींतील हवा काढावी, स्टार्टरला छळूं नये. यंत्र एकाएकीं अडलें, तर सिलिंडरांत पाणी शिरल्याची शंका घ्यावी आणि जोर करूं नये. ज्या यंत्रांत थंड करणारें समुद्राचें पाणी धुराच्या नळींतून बाहेर सोडतात, तेथें फार वेळ फिरविल्यानेंच हें संकट ओढवूं शकतें.

शेवटीं स्टार्टर पाहावा. बुश झिजले कीं आर्मेचर आंतल्या आंत घासतें. फिरणें अडलें म्हणजे प्रवाह वाढतो. आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. यंत्र लागल्यावरहि स्टार्टर फिरत राहिला, तर सोलेनॉइडचे संपर्क चिकटले असण्याचा संभव आहे. अशा वेळीं बॅटरीची मुख्य कळ तत्काळ बंद करावी.

हा क्रम सोडून नवा स्टार्टर बसविला, तर मळकी तार त्यालाहि जाळील. तेव्हां पावसाळ्यानंतरची पहिली परीक्षा धक्क्यावर घ्यावी, आणि खाडीचें मुख ओलांडीपर्यंत नांगर मोकळा ठेवावा.