तांबी बसवण्यापूर्वी

(भिलाई-३ येथे मराठी भगिनींसमोर केलेले भाषण)



या पुस्तकाचा अनुवाद करताना मला सर्वांत अधिक अडवले ते एका साध्या प्रश्नाने. तांबी बसवून घेणाऱ्या स्त्रीला आधी काय सांगावे? आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे : "काही होत नाही, बाई." हे मायेने म्हटले जाते, परंतु ते खरे नाही.

हे काम बहुधा काही मिनिटांत आटोपते. गर्भाशयमुख चिमट्याने धरतात तेव्हा टोचल्यासारखे होते. खोली मोजणारी सळई आत जाताना आणि तांबी सोडताना पाळीतल्यासारखी कळ येते. कोणाला ती जेमतेम जाणवते, तर कोणाचा जीव कासावीस होतो. जिचे बाळंतपण नैसर्गिक मार्गाने झालेले नाही, तिला त्रास अधिक होण्याचा संभव असतो. जी फार दुखेल म्हणून धास्तावून येते, तिलाही तो अधिक जाणवतो.

हे मनाचे खेळ नव्हेत. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते, आणि ते किती उघडावे यात मनःस्थितीचाही वाटा असतो. योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात लूप आला. आरंभी तो झपाट्याने पसरला आणि थोड्याच वर्षांत मागे पडला. रक्तस्राव व दुखणे यांची आगाऊ कल्पना अनेकींना कोणी दिली नव्हती. मग अफवांना रान मोकळे मिळाले.

तेव्हा औषधाविना काय करता येईल? सर्वप्रथम, खरे सांगणे. "आता चिमटा लावते, टोचेल. थांबवायचे असेल तर हात वर करा." आणि हात वर होताच खरोखरच थांबणे. श्वास सावकाश सोडावा, मांड्या व पोट सैल ठेवावे. चिमटा लावताना खोकल्यास लक्ष दुसरीकडे जाते, हेही काही डॉक्टर सांगतात. नंतर ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी सुखावह वाटते. सुगंध, संगीत यांनी धास्ती कमी होऊ शकते. त्यांनी कळ थांबेल असा भरवसा मात्र कोणी देऊ नये.

सोबतीचे मोल याहून मोठे आहे. आपल्या छत्तीसगडात २००२ पासून मितानीन आहेत. देशात 'आशा' त्यानंतर आल्या. मितानीन म्हणजे जीवाभावाची मैत्रीण. तिने दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवून बाहेर बाकावर का बसावे? रुग्णेची इच्छा असेल तर तिने उशाशी उभे राहून हात धरावा. (आपल्या सासूबाई नकोत, हे सांगण्याचाही अधिकार रुग्णेलाच.)

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. गोड बोलणे हा भूल देण्याचा स्वस्त पर्याय नव्हे. वेदनेविषयी व तिच्या उपायांविषयी प्रत्येकीशी आधी बोलावे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये डॉक्टरांना सुचवले आहे. आपणही निःसंकोच विचारावे : जागेपुरती भूल मिळेल का?

तांबी बसल्यावर लगेच उठू नये. घेरी येऊ शकते. थोडा वेळ पडून राहावे. पुढे ताप आला, किंवा कळा ओसरण्याऐवजी वाढत गेल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.