आडनावात काय उरलं?

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत मी नोकरीला लागलो, तेव्हा फाटकावरच्या बाबूनं हजेरीबुकात माझं आडनाव लिहिलं ‘पिंपलकर’. हिंदीत ळ चालत नाही, त्या बिचाऱ्याचा काय दोष! पुढं पगारपत्रकात, पीएफच्या खात्यात, सगळीकडं तोच ल. पिंपळातला ळ गेला तो गेलाच.

शेजारच्या मशीनवर गोव्याचा एक फर्नांडिस होता. त्याचं आडनाव स्पेन-पोर्तुगालकडचं. फर्नांदोचा मुलगा तो फर्नांडिस, रॉद्रिगोचा तो रॉड्रिग्स. स्पॅनिश माणूस शेवटी झेड लिहितो, पोर्तुगीज एस. घराणं कुठलं ते एका अक्षरावर ठरतं. आणि हा फर्नांदो तरी अस्सल स्पॅनिश कुठला? ते नाव जर्मन वंशाच्या व्हिसिगॉथ टोळ्यांनी तिकडं नेलेलं. पूर्वी बाप बदलला की पुढच्या पिढीचं आडनावही बदलायचं. मग कधीतरी ते गोठलं. गोव्यात 1510 मध्ये पोर्तुगीज आले, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याला पुष्कळदा पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. म्हणजे आमच्या फर्नांडिसच्या सात पिढ्यांत फर्नांदो नावाचा बाप झालाच असेल असं नाही!

आपण मराठी माणसं बापाला मधे बसवतो आणि गावाला शेवटी. 1758 मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले छत्तीसगडात रतनपूरला आले, तेव्हापासून अशी आडनावं घेऊन मराठी घरं या मुलखात रुजत गेली. पेंड्र्याहून 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं, त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर. चिंचोलकरांनी चिंचोली आडनावात बांधून आणली होती. मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे यांचं तर उलटंच झालं. त्यांच्या आडनावावरून रायपुरात लाखेनगर वसलं.

आमचं काय? कारखान्याच्या गावाचं नावच उरला, तेव्हा ‘काय उरलं?’ हा प्रश्न रोज पाटीवर दिसायचा. पिंपळगावं महाराष्ट्रात डझनांनी आहेत. आमचं कोणतं, ते वडिलांना विचारायचं राहून गेलं, आणि आता सांगणारं कुणी नाही.

तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल, तर आडनावाचं गाव आजच विचारून घ्या. तालुक्यासकट.