नगरचा गांजा आणि कायदा

इंग्रजी अमदानीत आपल्या नगर जिल्ह्यात परवाना घेऊन गांजा पिकवला जाई! त्यावर बंदी घालावी का, हे पाहायला १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. त्याचा निष्कर्ष असा: बेताच्या सेवनाने फारसा अपाय नाही, अतिरेक घातक, बंदीपेक्षा कर आणि परवाने बरे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मात्र गांजा ओढणे हाही गुन्हा ठरवला. नुसत्या पानांची भांग तेवढी त्यातून सुटली. गांजा खुला करावा असं मला वाटत नाही; पण व्यसनी आणि विक्रेता यांना एका मापाने मोजू नये. याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या खटल्यातून सूट मिळते. घरात कुणी अडकलं असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक फिरवा.